डिझेल इंजिनावर ऑइल कॅच कॅन : रत्नागिरीतील कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

घरच्या गाडीच्या ब्रीदर पाईपवर (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणाऱ्या नळीवर) ऑइल कॅच कॅन, म्हणजे त्या वायूतले तेल अडवून साठवणारा डबा, बसवायचे निश्चित केले असून त्या कामाच्या नोंदी आजपासून ठेवत आहे. गाडी २०१७ सालची, बीएस-४ मानकाची, दीड लिटर क्षमतेची, चार सिलिंडरची टर्बो डिझेल आहे. अलीकडेच ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करण्यासाठी गॅरेजात इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) उतरवले, तेव्हा त्याच्या आतल्या भिंतींवर काळा, चिकट थर बसलेला दिसला. तो पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढावा लागला. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या होजमध्ये दोन-तीन चमचे तेल साचलेले होते. मिस्त्रींच्या मते या वयाच्या डिझेल गाडीत एवढे चालायचेच, आणि ते खरेही आहे.

हे तेल तिथे येते कसे, ते आधी नीट मांडून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधील दाबाखाली थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतोच; गॅरेजमध्ये याला ब्लो-बाय म्हणतात. या वायूत जळणातून झालेली पाण्याची वाफ, काजळी आणि न जळलेले इंधन असते, आणि खाली फिरणाऱ्या क्रँकने उडवलेले तेलाचे बारीक तुषार त्यात मिसळतात. तो बाहेर काढला नाही तर आत दाब वाढून ऑइल सील सुटतील, म्हणून टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) त्याला वाट दिलेली असते. पूर्वी ही वाट गाडीखाली उघड्या नळीने थेट रस्त्यावर सोडलेली असे. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस, आधी कॅलिफोर्नियात आणि मग देशभर, हा वायू पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची बंद पद्धत आली आणि पुढे तीच जगभर रूढ झाली. आमच्या इंजिनात ब्रीदर पाईप एअर फिल्टरच्या पुढे आणि टर्बोच्या मागे, म्हणजे टर्बो जिथून हवा ओढतो त्या नळीला जोडलेला आहे. त्यामुळे तेलाचे तुषार टर्बोतून इंटरकूलरमध्ये आणि तिथून मॅनिफोल्डमध्ये जातात. तिथे ईजीआरमधून परत आलेली एक्झॉस्टची काजळी त्यांना भेटते आणि त्या दोहोंचा मिळून हा थर तयार होतो. नुसत्या काजळीचा किंवा नुसत्या तेलाचा असा थर बसत नाही.

ईजीआर बंद करून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण खाली ठेवण्यासाठी असलेली ती यंत्रणा बंद करणे मला मान्य नाही, म्हणून तेलाची बाजू अडवायची. कॅनचे दुसरे तोंड पुन्हा मूळ जागीच, टर्बोआधीच्या नळीला जोडायचे हेही आजच ठरवून टाकले. काही जण ते हवेत मोकळे सोडतात. त्यामुळे वायू बोनेटखालून थेट केबिनमध्ये येतो आणि बंद वायुवीजनाची मूळ व्यवस्थाच मोडते.

१३ एप्रिल

ऑनलाइन मागवलेला तयार कॅन आज खोलून पाहिला. दिसायला देखणा आहे, पण त्याच्या निपलचे आतले भोक ९ मिलिमीटर भरते आणि आमच्या ब्रीदर पाईपचे १९ मिलिमीटर. व्यासात हा फरक निम्म्याचा वाटतो, पण क्षेत्रफळ काढले तर १९ मिलिमीटरच्या भोकाचे २८३ चौरस मिलिमीटर येते आणि ९ च्या भोकाचे ६४. म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या वाटेचा जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक राहतो. आत घट्ट बसवलेला काळा स्पंज आहे आणि तो निपलच्या तोंडापर्यंत ठासलेला आहे.

अशा कॅनमध्ये तेल भरपूर साठते, आणि लोक त्याचेच फोटो काढतात. क्रँककेसमध्ये दाब किती वाढला याचा फोटो निघत नाही. टर्बोच्या बेअरिंगमधून बाहेर पडणारे तेल केवळ उतारावर, गुरुत्वाने खाली सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) परतते हे इथे लक्षात ठेवायला हवे. खाली दाब चढला की ते तेल वर तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून इनटेकमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये झिरपते. तेल अडवायला बसवलेल्या वस्तूनेच तेल आत ढकलायचे, असा तो प्रकार होईल. त्यामुळे या प्रकल्पात पहिले माप दाबाचे घ्यायचे आणि साठलेल्या तेलाचे नंतर.

२० एप्रिल

मूळ स्थितीतील क्रँककेसचा दाब मोजला. इतका कमी दाब टायरच्या मीटरवर दिसत नाही, म्हणून पाण्याचा मॅनोमीटर केला. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन तिचा यू आकार केला, त्यात चिमूटभर हळद घातलेले पाणी भरले आणि ती लाकडी फूटपट्टीवर बांधली. नळीचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटवूनच बांधले, कारण त्यांच्यात अंतर राहिले तर चढावर गाडी कलली की दोन पातळ्यांमध्ये खोटाच फरक दिसू लागतो. एक टोक इंजिनाला आणि दुसरे हवेत मोकळे. दोन पातळ्यांतला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे ९.८ पास्कल.

इंजिनाकडची जोडणी कुठे करायची, यावर थोडा विचार करावा लागला. डिपस्टिकची नळी सोयीची असते, पण काही इंजिनांत तिचे खालचे टोक तेलात बुडलेले असते आणि मग आतल्या वायूचा दाब वरपर्यंत पोचतच नाही. म्हणून तेल भरण्याच्या तोंडाचे एक जुने झाकण भंगारातून मिळवले, त्याला भोक पाडून पितळी निपल बसवला आणि मूळ झाकण काढून ते लावले. एअर फिल्टर नवा घातला, कारण फिल्टर तुंबलेला असेल तर टर्बोआधीची ओढ वाढते आणि आजच्या व नंतरच्या मापांची तुलना निरर्थक ठरते.

इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये उणे ६ मिलिमीटर मिळाले, म्हणजे आत हवेपेक्षा किंचित कमी दाब. उभ्या गाडीत २,५०० फेऱ्यांवर उणे १४. खरी परीक्षा भार असताना असते, म्हणून नळी बोनेटच्या कडेने डाव्या खिडकीतून आत घेतली आणि भाच्याला फूटपट्टी धरून बसवले. हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढायला घेतला आणि सरळ तुकड्यांवर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून त्याला आकडे लिहायला सांगितले. वळणावर पाणी हेलकावते, त्यामुळे तिथले आकडे धरले नाहीत. घाटातली मापे उणे २० ते उणे २४ च्या दरम्यान राहिली. भार वाढला की ब्लो-बाय वाढतो हे खरे, पण त्याच वेळी टर्बोची ओढही वाढते आणि ती ब्लो-बायवर मात करते. रिंगा झिजलेल्या इंजिनात हे चित्र उलटे दिसले असते, आणि तसे दिसले असते तर कॅनचा विचार सोडून आधी इंजिनच खोलावे लागले असते. झिजलेल्या इंजिनावर कॅच कॅन हा उपाय नव्हे.

२६ एप्रिल

होजची निवड. गॅरेजमध्ये रेडिएटरच्या होजचा उरलेला तुकडा लावून मोकळे व्हा, असे सुचवण्यात आले. रेडिएटर आणि हीटरचे होज ईपीडीएम रबराचे असतात. ते गरम पाणी आणि कूलंट वर्षानुवर्षे सोसतात, पण खनिज तेलात फुगतात. सिलिकॉनचे निळे-लाल होज दिसतात छान, परंतु आतून वेगळा थर नसेल तर त्यांच्या भिंतीतून तेल घामासारखे बाहेर येते आणि त्यावर धूळ बसून सगळा भाग बरबटतो. इथे नायट्राइल रबराचा होजच हवा.

तो मिरकरवाडा बंदराजवळच्या, मच्छीमारी बोटींच्या इंजिनांचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाला. किनाऱ्यावर राहण्याचा हा एक फायदा आहे की गाडीच्या दुकानात न मिळणाऱ्या वस्तू बोटवाल्यांकडे हमखास असतात आणि त्या खाऱ्या हवेचा हिशेब धरूनच ठेवलेल्या असतात. १९ मिलिमीटरचा, आत कापडी विणीचा थर असलेला होज मीटरवर कापून घेतला. क्लिपा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या; या मिश्रधातूत मॉलिब्डेनम असल्यामुळे मिठाच्या हवेत तो नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकतो. दुकानदाराने स्वतःच ड्रॉवरमधून लोहचुंबक काढून दाखवला. बाजारातल्या पुष्कळशा ‘स्टेनलेस’ क्लिपांची पट्टी खरोखर स्टेनलेसची असते, पण तिचा स्क्रू मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचा असतो, आणि एका पावसाळ्यात तो स्क्रू गंजून पट्टीत असा अडकतो की क्लिप कापूनच काढावी लागते. चुंबक पट्टीला लागला नाही आणि स्क्रूला चटकन चिकटला, तर ती क्लिप घ्यायची नाही.

घरी आल्यावर ईपीडीएमचा एक आणि नायट्राइलचा एक तुकडा इंजिन ऑइलच्या बरणीत बुडवून ठेवला.

४ मे

बरणीतले तुकडे काढून व्हर्नियरने मोजले. नायट्राइलच्या भिंतीची जाडी होती तेवढीच आहे. ईपीडीएमची भिंत नजरेला कळेल एवढी सुजली असून कापलेल्या तोंडाशी बोटाने दाबले तर लिबलिबीत लागते. हा निकाल साध्या तापमानाचा आहे; बोनेटखालच्या उष्णतेत हेच झपाट्याने होईल. गॅरेजमध्ये दोन्ही तुकडे नेऊन दाखवले. मिस्त्रींनी ते काउंटरवर ठेवून घेतले आहेत.

१० मे

मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील लेथच्या कारखान्यात कॅन तयार करून घेतला. ॲल्युमिनियमची ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी, उंची १६० मिलिमीटर, तळ आर्गन वेल्डिंगने बंद केलेला आणि वरचे झाकण आट्यांचे, ओ-रिंगसह. एकूण जागा साधारण ७०० मिलिलिटर होते, पण त्यातला खालचा तिसरा हिस्साच साठवणीसाठी धरायचा आहे. दोन्ही निपलची आतली भोके १९ मिलिमीटरच ठेवली आणि टोकाला बाहेरून उंचवट्याचे कडे कोरले, म्हणजे होज सरकत नाही.

आतली रचना अशी : इनलेटची नळी निम्म्या उंचीपर्यंत खाली उतरते आणि तिच्यासमोर एक उभी आडकाठीची पट्टी आहे. वायूला तिथे एकदम दिशा बदलावी लागते. हलका वायू वळतो, जड थेंब मात्र वळू शकत नाही आणि पट्टीवर आदळून खाली ओघळतो. त्याहून बारीक तुषार या युक्तीने सुटून जातात, त्यांच्यासाठी वर तारेची जाळी आहे. तारांच्या पृष्ठभागावर तुषार चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वजनाने खाली पडतात. जाळीसाठी भांडी घासायचा स्टीलचा काथ्या भरावा, अशी पद्धत सर्रास आहे आणि ती धोक्याची आहे. त्याचे तंतू तुटतात, आणि कॅनमधून बाहेर पडलेली तार थेट टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या चाकावर जाते, जे मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरत असते. म्हणून अखंड तारेने विणलेली स्टेनलेस जाळी आणून तिची सैल गुंडाळी केली आणि ती दोन सच्छिद्र ॲल्युमिनियम चकत्यांमध्ये कोंडली. चकत्यांची भोके मिळून होणारे क्षेत्रफळ निपलच्या क्षेत्रफळापेक्षा बरेच अधिक राहील, असे बघितले.

लेथवाले काका काम नेमके करतात, पण बोलल्याशिवाय नाही. “एवढ्या खटाटोपाची बरणी घरातल्या लोणच्यालापण नसते,” असे म्हणून त्यांनी कडा घासून दिल्या.

बाहेरून पातळी दाखवणारी पारदर्शक नळी मुद्दाम लावली नाही. ती उष्णतेने पिवळी पडते आणि तिचे दोन जोड म्हणजे गळतीच्या दोन जागा. त्याऐवजी झाकणाला छोटी डिपस्टिक आहे. तळाला पितळी ड्रेन कॉक.

११ मे

बसवणी. जागा हेडलाइटच्या मागे, बॅटरीच्या बाजूला निवडली. एक्झॉस्ट आणि टर्बो इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला आहेत, आणि ग्रिलमधून येणारी हवा कॅनला लागते. कॅन थंड राहणे गरजेचे आहे, कारण गरम कॅनमध्ये तेलाची वाफ थेंब न होताच निघून जाते. स्टेनलेसचा ब्रॅकेट चॅसिसच्या असलेल्याच आट्यांवर घेतला; बॉडीला नवीन भोक पाडले नाही, कारण कापलेल्या पत्र्याची कड कोकणात कितीही रंगवली तरी तिथून गंज सुरू होतोच. ॲल्युमिनियमचा कॅन आणि स्टेनलेसचा ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या. हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि सांध्यात पांढरी भुकटी जमते.

होजच्या मार्गाला काळजी घ्यावी लागते. टॅपेट कव्हरपासून कॅनपर्यंतचा होज सलग उताराचा हवा, मध्ये कुठेही पोट पडता कामा नये. पोट पडले की तिथे पाणी साचून वाट अडते. बाहेरचा होज कॅनपासून वर चढत टर्बोआधीच्या नळीपर्यंत जातो, म्हणजे त्यात जे काही थेंब जमतील ते परत कॅनमध्येच येतील. दोन्ही ठिकाणी मूळ पाईपचे जोड न कापता जुना पाईप काढून ठेवला असून तो डिकीत आहे. पाच मिनिटांत गाडी पूर्ववत करता येते.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी एक टीप इथेच लिहून ठेवतो. टर्बो पेट्रोल इंजिनात ब्रीदरच्या सहसा दोन वाटा असतात, एक मॅनिफोल्डकडे आणि एक टर्बोआधी, आणि बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) उलटा येऊ नये म्हणून झडपा असतात. तिथे ही साधी जोडणी जशीच्या तशी चालणार नाही.

१७ मे

पुन्हा तोच मॅनोमीटर, तेच झाकण आणि तोच घाट. न्यूट्रलमध्ये उणे ५, उभ्या गाडीत २,५०० फेऱ्यांवर उणे ११, घाटात उणे १५ ते उणे १८. म्हणजे कॅनने थोडा अडथळा आणला आहे, तो आणणारच, पण दाब कुठेही धन बाजूला गेलेला नाही. हे मला पुरेसे आहे.

तुलनेसाठी तयार कॅनमधला काळा स्पंज कापून जाळीच्या जागी भरला आणि फक्त उभ्या गाडीत माप घेतले. न्यूट्रलमध्ये उणे १ आणि २,५०० फेऱ्यांवर अधिक ५. निपल १९ मिलिमीटरचे असूनही ही स्थिती. स्पंज तेलाने भिजल्यावर आणखी काय झाले असते, ते पाहण्यासाठी घाटात जायची गरज वाटली नाही. स्पंज काढून जाळी परत बसवली.

कॅनचे तापमानही मोजले. कोरोनाच्या काळात घेतलेला इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर भलतेच कमी दाखवतो, म्हणून कॅनवर आणि टॅपेट कव्हरवर काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून त्यावर नेम धरला. घाटाच्या माथ्यावर कव्हर ८८ अंश आणि कॅन ५३ अंश सेल्सिअस. फरक चांगला आहे.

घरी आल्यावर ड्रेन कॉक उघडला. थोडेसे, जवळजवळ शुद्ध काळे तेल आले. पाणी दिसले नाही.

१ जून

यंदा मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला आणि त्याआधीचे दिवसही ओलेच गेले. घाटातली फेरी आधी उरकली ते बरे झाले. कॅनचा ब्रॅकेट, क्लिपा, सांधे तपासले. गळती नाही.

२९ जून

पावसाळ्यातला पहिला मोठा निचरा, आणि या प्रकल्पातली सर्वांत बोलकी नोंद. जूनमध्ये गाडी जवळपास सगळी शहरातच फिरली : शाळा, बाजार, मारुती मंदिर ते बस स्टँड, प्रत्येक वेळी इंजिन पुरते तापायच्या आत बंद. डिपस्टिकवर पातळी पाहून कॉक उघडला तर काचेच्या बाटलीत ९० मिलिलिटर द्रव उतरला. रंग दुधाळ चहाचा, वर फेस, आणि वास डिझेलचा व आंबट असा मिश्र. रात्रभर ठेवूनही तो वेगळा झाला नाही. मग बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली, तेव्हा तासाभरात तळाला गढूळ पाणी आणि वर तपकिरी तेल अशी रेघ दिसू लागली. पाणी सुमारे ७०, तेल २०. त्या पाण्यात बुडवलेला निळा लिटमस कागद लाल झाला.

पाणी एवढे कुठून आले? कॅनला भोक पडले, पाऊस शिरला, अशी शंका प्रथम येते. पण सांधे कोरडे होते. मुख्य स्रोत जळणच आहे. डिझेलमधील हायड्रोजनमुळे एक किलो डिझेल जळले की सुमारे १.२ किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि तिचा अंश ब्लो-बायबरोबर खाली उतरतो. मात्र कोकणातल्या पावसाळ्यात दुसरा स्रोतही दुर्लक्षिण्याजोगा नाही. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर इंजिन ओढते त्या हवेच्या दर किलोमागे वीस ग्रॅमहून अधिक वाफ आधीच असते. डिझेल इंजिन न्यूट्रलमध्ये इंधन फार थोडे आणि हवा पूर्ण घेते. एका किलो इंधनाला साठ किलो हवा धरली, तर दर किलो हवेमागे जळणातून साधारण वीस ग्रॅमच पाणी येते. म्हणजे सिग्नलला धडधडत उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचा जवळपास अर्धा वाटा आषाढातल्या हवेचा असतो. भार चढला की इंधन वाढते आणि जळणाचा वाटा वरचढ होतो, पण तेव्हा इंजिन गरम असते आणि वाफ थेंब न होता निघून जाते.

कॅन नसता तर ही वाफ टर्बोतून जाऊन सिलिंडरमधून धुराड्यावाटे निघून गेली असती, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. कॅनने इंजिनातले पाणी काढले असे म्हणता येत नाही. जे आपोआप जाणार होते ते त्याने थांबवून ठेवले. त्यामुळे इथे कॅन बसवणाऱ्यावर एक जबाबदारी येते. उन्हाळ्यात दोन महिने विसरला तरी चालेल असा हा कॅन पावसाळ्यात विसरला तर भरतो, आणि भरलेल्या कॅनमधले पाणी एखाद्या खड्ड्यात, किंवा वळणावर, एकगठ्ठा टर्बोत ओढले जाऊ शकते. जून ते सप्टेंबर दर रविवारी डिपस्टिक बघायची असे ठरवले आहे.

निघालेला द्रव झाकणाच्या कॅनमध्ये साठवत आहे. आपल्याकडे जुने इंजिन ऑइल वाळवीसाठी वाशांना, फाटकाला फासण्याची सवय आहे, पण वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, आणि हे तर आम्लयुक्त पाणी मिसळलेले. माडाच्या आळ्यात किंवा गटारात ओतले की ते सरळ विहिरीला किंवा खाडीला मिळते. गॅरेजचा जुन्या तेलाचा पिंप अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारे घेऊन जातात, त्यात ते देणार.

२० जुलै

निचरा ४५ मिलिलिटर, तसाच दुधाळ. तेल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली. हेडगॅस्केट गेल्याची, म्हणजे कूलंट तेलात मिसळल्याची, शंका घेण्यापूर्वी कूलंटची पातळी पाहिली, ती जागची हललेली नाही. गाडी हायवेवर लांब फिरवून इंजिन चांगले तापवले आणि साय गेली.

२४ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला आहेत, मुंबईची मंडळी यायची आहेत, त्यामुळे कॅन रिकामा करून ठेवला. क्लिपांवर गंजाचा ठिपकाही नाही. ब्रॅकेटचा एक बोल्ट मात्र गॅरेजमध्ये कोणीतरी बदलून साधा लावला होता. तो तांबूस झाला होता, स्टेनलेसचा घातला.

१२ ऑक्टोबर

पावसाळा संपल्यावरची तपासणी. इंटरकूलरचा खालचा होज उतरवला. आत बोट फिरवले तर तेलाचा पातळ ओलावा लागतो, पण साचलेले तेल नाही. एप्रिलमध्ये इथूनच दोन-तीन चमचे निघाले होते. कॅनने सगळे तेल अडवले, असा याचा अर्थ नाही. अतिसूक्ष्म तुषार अशा जाळीतून सुटतातच, आणि जाळी आणखी घट्ट केली तर तेल जास्त मिळेल पण दाबाचा हिशेब बिघडेल. मॅनिफोल्ड पुन्हा खोललेले नाही. साफ करून सहा महिनेच झाले असताना त्यावरून काही ठरवणे घाईचे होईल. ते पुढच्या वर्षी टायमिंग चेनच्या कामाच्या वेळी बघता येईल.

पीयूसी याच आठवड्यात झाली. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे आणि आमचे माप ०.८ च्या आसपास, गेल्या वर्षीइतकेच. ईजीआर साफ झाला, फिल्टर नवा आहे, तेव्हा यातले काहीही कॅनच्या खात्यावर जमा करण्याचे कारण नाही.

मॅनोमीटर पुन्हा लावून पाहिला : न्यूट्रलमध्ये उणे ५, २,५०० फेऱ्यांवर उणे १०. जाळी काढून डिझेलमध्ये धुतली आणि भिंगाखाली पाहिली. कुठे तार तुटलेली नाही, पण मधल्या वेटोळ्यांत काजळीची राखाडी पेस्ट बसली होती. ती दर पावसाळ्यानंतर धुवावी लागेल. झाकणाची ओ-रिंग थोडी चपटी झाली आहे, म्हणून नायट्राइलचीच नवी घातली. ड्रेन कॉकच्या आट्यांतून एक थेंब पाझरताना दिसला. कॉक उलगडून आटे पुसले, टेफ्लॉन टेप गुंडाळून परत आवळला आणि खाली कोरडा पुठ्ठा ठेवला आहे. सकाळी पुठ्ठ्यावर डाग नसेल तर दिवाळीत कोल्हापूरला याच गाडीने जायचे आणि परत आल्यावर घाटातली मापे पुन्हा घ्यायची.